मगदूम मॅडमचा तास

नदाफनं खुर्चीत बसता बसता विचारलं, "सर, मगदूम मॅडम आता कुठं असतात?"

मी टेबलावरचे पेपर सारखे करत होतो. "पुण्याला," मी म्हणालो. "तिकडच्या कॉलेजात लागल्या."

"अशा एकदम?"

"चांगली संधी आली, जावं लागतं माणसाला."

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या. थोड्या वेळानं पडद्याखालून चहाचा ट्रे फरशीवरून पुढं सरकला. सरकवणारा हात मनगटापर्यंत दिसला आणि आत गेला. मी उठून ट्रे उचलला.

"काकू बाहेर येत नाहीत?" नदाफबरोबरच्या मुलीनं विचारलं.

"तिला बरं नाही."

"मग कशाला त्रास दिला सर, चहाचा?"

"असू दे. घ्या."

पडद्याच्या आत उभी होती ती माझी बायको विमल. आणि मुलं ज्यांची चौकशी करत होती त्या मगदूम मॅडम म्हणजेही तीच.

आता आमच्या विद्यापीठात बिझनेस स्कूलची काचेची चार मजली इमारत आहे. आत गेलं की थंडी वाजते. मी सांगतोय ते तेव्हाचं, जेव्हा या स्कूलकडं परीक्षा विभागाच्या जुन्या उत्तरपत्रिका ठेवायची एक लांबट खोली होती आणि तिला पत्र्याचं छप्पर होतं. त्या खोलीत मी संध्याकाळी डिप्लोमाचे वर्ग घ्यायचो. बँकेतले, वीज मंडळातले, साखर कारखान्यातले लोक कामावरून सुटून यायचे. मी वाणिज्य विभागातला हिशोबशास्त्राचा माणूस. व्यवस्थापनाचा वेगळा विभाग हवा, एमबीए सुरू व्हायला हवं, म्हणून मीच विद्यापीठाच्या मागं लागलो होतो. शेवटी परवानगी मिळाली, पण उलट्या क्रमानं. मुलांना प्रवेश आधी दिले आणि मान्यता मागून मागितली. तीसेक मुलं पहिलं सत्र शिकली, आणि मग कळलं की दिल्लीहून तपासणीची समिती येणार आहे. समितीनं नाही म्हटलं तर मुलांचं वर्ष बुडणार होतं.

समिती येणार म्हणजे काय करायचं, हे विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक असतं. शहरातल्या वाचनालयातून पुस्तकं आणली आणि त्यांच्यावर आमचे कागद चिकटवले. इंजिनिअरिंगच्या लोकांकडून दोन कॉम्प्युटर टेम्पोतून आणले. त्यातला एक चालत नव्हता, त्याच्यावर कापड घालून ठेवलं. राहता राहिले शिक्षक. पाच पूर्णवेळ पाहिजेत असा नियम होता. मी होतो, सांख्यिकीचा एक तरुण पोरगा होता. एक बँकेचे मॅनेजर आणि एक सीए दिवसभर येऊन बसायला तयार झाले. मार्केटिंगला कुणी मिळेना.

कुलसचिव इंगवले साहेब म्हणाले, "शेटे, वहिनींचं एम.कॉम. आहे ना?"

"आहे. पण ती घरी असते."

"मग एक दिवस खोलीत बसू द्या. खुर्चीत बसायला काय लागतं? फक्त आडनाव शेटे नको. विभागप्रमुख शेटे, मार्केटिंगलाही शेटे, समिती लगेच विचारेल. माहेरचं नाव काय?"

"मगदूम."

"झकास. मगदूम मॅडम."

विमल लग्नाआधी जयसिंगपूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. लग्न झालं, मी इकडं आलो, तिची नोकरी सुटली. दुसरीकडं बघू, बघू, असं करत दहा-बारा वर्षं गेली. आम्हाला मूलबाळ झालं नाही. दुपारी मी जेवून परत जायला निघालो की ती विचारायची, "आज काय शिकवणार?" मी सांगायचो. ती म्हणायची, "ते तसं नका सांगू, कंटाळतील पोरं." मी हसून निघून जायचो.

तिला मी समितीचं सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती.

"म्हणजे नाटकात काम," ती म्हणाली.

"तसंच समज. बोलायचं काही नाही. समिती येते, फिरते, जेवते आणि जाते."

"आणि विचारलंच काही तर?"

"मी असतो ना."

तिनं हात पुसले आणि म्हणाली, "मला मार्केटिंगची पुस्तकं आणून द्या."

"अगं, नुसतं बसायचं आहे."

"बसायला म्हणूनच द्या."

आठवडाभर ती वाचत होती. भाजी चिरताना पुस्तक समोर, त्याच्यावर लाटणं आडवं ठेवलेलं, पान उलटू नये म्हणून. दाराला लावायची पाटी रंगवून आली तेव्हा तिनं ती हातात घेऊन मोठ्यानं वाचली. "प्रा. कुमारी विमल मगदूम." आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "कुमारी! अहो, या वयात कुमारी केलंत मला. आता मंगळसूत्राचं काय करू?"

"पदराखाली घे."

"माझ्या बाबांना कळलं तर म्हणतील, शेट्यांनी मुलगी परत केली."

समिती आली त्या दिवशी ती चॉकलेटी काठाची सुती साडी नेसली होती. मुलांना आम्ही सांगितलं होतं की नव्या मॅडम आजच रुजू झाल्या आहेत. समितीत तिघं होते. दोघं थकलेले होते, त्यांना जेवणाची आणि गाडीची काळजी. अध्यक्ष मात्र मराठी निघाले. दिवाडकर नाव, मुंबईला कारखान्यांत मोठ्या जागेवर राहिलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. पुस्तकांच्या कपाटापाशी ते थांबले, एक पुस्तक काढलं, कडेला सुटलेला कागद बोटानं परत दाबला आणि पुस्तक जागेवर ठेवलं. मग पाटी वाचून म्हणाले, "मार्केटिंग. चला, मॅडमचा एक तास बघू."

मी म्हणालो, "सर, जेवण तयार आहे."

"जेवण कुठं पळतं? मॅडम, घेता?"

विमलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "घेते की," म्हणाली.

तिनं खडू उचलला नाही. टेबलाच्या पुढं आली आणि विचारलं, "साडीच्या दुकानात कोण कोण गेलंय?"

सगळे हसले. पोरींनी हात वर केले, मग पोरांनी.

"तुम्ही एक साडी मागता. दुकानदार गादीवर तीस साड्या उलगडतो. का?"

"निवड करायला, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"तीसातनं निवड सोपी होते का अवघड?"

"अवघड."

"मग शहाणा माणूस गिऱ्हाइकाचं काम अवघड कशाला करेल?"

कुणी म्हणालं, माल दाखवायला. कुणी म्हणालं, महागाची खपवायला. मग मागच्या बाकावरून नदाफ उठला. त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. "मॅडम, लाज वाटावी म्हणून. एवढं उलगडायला लावलं, आता न घेता कसं उठायचं?"

"बरोबर. मग दुकानदार नको असलेल्या साडीची घडी लगेच का घालत नाही? आवराआवर करायला नोकर असतो ना शेजारी."

नदाफ विचार करून म्हणाला, "घडी घातली की गिऱ्हाइकाची लाजपण आवरली जाते. उठतंय ते मग."

पत्र्याच्या खोलीत असा हशा मी कधी ऐकला नव्हता. विमलही हसली. "हे पुस्तकात सापडलं तर मला दाखव. मी आठवडाभर शोधतेय."

मागून दिवाडकरांनी विचारलं, "आणि मॅडम, तरीही गिऱ्हाईक उठलं तर?"

"तर चहा मागवायचा, सर. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. चहा पिऊनही काही न घेता गेलेलं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात एकच बघितलं."

"कोण?"

"जावई."

पुन्हा हशा. मी दिवाडकरांच्या शेजारी बसलो होतो. मलाही हसावं लागलं.

तास संपला तरी पोरं उठेनात. साबणाच्या वडीचं विचारत होती, फिरत्या विक्रेत्याचं विचारत होती. आम्ही जेवायला निघालो. पंगतीत कुलगुरूंच्या समोर दिवाडकर मोकळेपणानं म्हणाले, "शेटे, विभाग तुम्ही उभा केलात ते खरं, पण शिकवायला ती बाई बसली आहे. तिला सोडू नका." सगळे हसले. मी वाढप्याला हाक मारून बासुंदी आणायला सांगितली.

मान्यता मिळाली. त्या संध्याकाळी विमलनं शिरा केला. मग दोन महिन्यांनी मार्केटिंगच्या पूर्णवेळ जागेची जाहिरात आली. मी घरी सांगितलं नव्हतं. तिनं पेपरात वाचली.

"मी अर्ज करते," ती म्हणाली. "तुम्ही मुलाखतीला बसू नका म्हणजे झालं. दुसरं कुणी बसू दे. मला त्यांनी घेतलं तर घेतलं, नाही तर नाही."

मी म्हणालो, "ते जमणार नाही."

"का?"

"समितीच्या लेखी मगदूम मॅडम आधीच नोकरीत आहेत. आता तीच बाई शेटे म्हणून अर्ज करते असं झालं तर सगळं उघडं पडेल. मान्यता जाईल. पोरांचं काय?"

"पोरं मलाही दिसतात." तिनं पेपरची घडी घातली. "काहीच वाट नाही? इंगवले साहेबांना विचारा ना. त्यांनीच तर मगदूम केलं मला."

"विचारलं. ते म्हणाले, अशक्य आहे."

"इंगवले म्हणाले?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

पुस्तकं पुसून तिनं माझ्या टेबलावर ठेवली, परत करायला.

जागा भरली. आलेला माणूस वाईट नव्हता. नोट्स उतरवून द्यायचा. पण पोरं विचारत राहिली, मगदूम मॅडम कधी येणार? मी म्हणालो, रजेवर आहेत. मग म्हणालो, पुण्याला गेल्या. एकदा पुण्याला पाठवल्यावर तिला गावात ठेवणं अवघड झालं. आमचं घर विद्यापीठाच्या वसाहतीत, विभागापासून पाच मिनिटांवर. मी तिला सांगितलं, काही दिवस विभागाकडच्या रस्त्यानं जाऊ नको. स्नेहसंमेलनाला मी एकटा गेलो. पोरं घरी आली की ती स्वयंपाकघरात जायची. चहा करायची. ट्रे पडद्यापर्यंत यायचा. काही दिवस म्हणता म्हणता ती तुकडी बाहेर पडेपर्यंत असंच चाललं.

त्या दिवशी नदाफ गेल्यावर मी कप आत नेले. ती ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"पुण्याला कुठल्या कॉलेजात आहे मी?" तिनं विचारलं.

"विमल..."

"नाही, माहीत असलेलं बरं. कुणी विचारलं तर सारखं सांगायला हवं ना दोघांनी."

तिनं कप धुतले.

नंतर कुणी पोरानं मगदूम मॅडमचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरले. मला बरं वाटलं.

विमलला जाऊन चार महिने झाले. आजार लांबला, आणि त्यात आम्ही खूप बोललो. हॉस्पिटलच्या खाटेवर तिनं जयसिंगपूरच्या वर्गातल्या मुलींची नावं सांगितली. मी ऐकत होतो. पत्र्याच्या खोलीचं तिनंही काढलं नाही आणि मीही नाही. मला वाटायचं, उद्या काढू.

गेल्या रविवारी नदाफ आला. आता त्याचे केस माझ्याहून पांढरे आहेत. कंपन्यांत मोठा झाला, निवृत्त झाला, माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा अध्यक्ष आहे. आल्याबरोबर माझे हात धरून बसला. माझ्या समोरच्या भिंतीवर विमलचा फोटो होता, हार घातलेला. त्यानं उठून फोटोसमोर उभं राहून मान खाली घातली.

मग परत माझ्यासमोर बसून म्हणाला, "सर, वेळ बरोबर नाही, पण एक काम आहे. स्कूलचा इतिहास छापतोय आम्ही. पहिल्या शिक्षकांची नावं पाहिजेत, कोण कधीपासून कधीपर्यंत होतं ते. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

मी नावं सांगितली. माझं, सांख्यिकीच्या पोराचं, मार्केटिंगला आलेल्या त्या माणसाचं, नंतरच्यांची. तो लिहीत होता. मी थांबलो.

तो पेन तसंच धरून म्हणाला, "आणि मगदूम मॅडम?"

मी त्याच्या मागं असलेल्या फोटोकडं बघितलं. त्यानं वळून बघितलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघाशी फोटोसमोर उभं राहिल्यावरही तो दचकला नव्हता.

"तुला माहीत आहे," मी म्हणालो.

"आम्हाला तेव्हाच माहीत होतं, सर. तुमच्याकडं येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी मला मंडईत भेटल्या. पिशवीत मेथी होती. मी धावत गेलो, मॅडम, तुम्ही कधी आलात पुण्याहून? तर हसल्या आणि म्हणाल्या, नदाफ, मी पुण्यालाच आहे. मला कळेना. बरोबर एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, अरे, या शेटे सरांच्या मंडळी."

"कोण बाई?"

"इंगवले साहेबांच्या मिसेस."

इंगवले वहिनी आणि विमल दर आठवड्याला मंडईत बरोबर जायच्या. इतकी वर्षं मला ते दिसत होतं, पण त्या दोघी काय बोलत असतील ते कधी सुचलं नव्हतं. जाहिरात आली तेव्हा इंगवले मला अशक्य म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, "त्यात काय, शेटे? मगदूम बाई तात्पुरत्या होत्या, मुदत संपली. आता लग्नाच्या नावानं रीतसर अर्ज आला. अशी किती प्रकरणं मी रोज बघतो. तुम्ही मुलाखतीला बसू नका, बाकी माझ्यावर सोडा. करू द्या वहिनींना अर्ज." मीच नको म्हणालो होतो. लोक बोलतील, असं कारण दिलं. लोकांचं काही नव्हतं. त्या खोलीतला हशा माझ्या कानांतून जात नव्हता. बाहेर पडलो की पोरं मला मगदूम मॅडमचे यजमान म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विभाग मी काढला होता.

असली गोष्ट इंगवल्यांनी घरी सांगितली नसेल कशी? आणि इंगवले वहिनींनी ती मंडईच्या वाटेवर विमलला सांगितली नसेल कशी? म्हणजे तिला ठाऊक होतं. त्यानंतरही ती ट्रे पडद्यापर्यंत आणून ठेवत होती.

"आणखी काय म्हणाली ती?" मी विचारलं.

नदाफनं पेन खाली ठेवलं. "म्हणाल्या, मला पुण्याचीच राहू दे. वर्गात सगळ्यांना सांग, सरांना माझ्याबद्दल काही विचारायचं नाही. त्यांना खोटं बोलायला लागतं, आणि त्यांना ते जमत नाही. म्हणून मग आम्ही कुणी नाव काढलं नाही, सर."

स्वयंपाकघरात काही वाजत नव्हतं. चहाचं विचारायचं मी विसरलो होतो. मी उठलो, चहा ठेवला, दोन कप भरले, ट्रे घेऊन आलो. दाराला पडदा अजून आहे. तो एका हातानं बाजूला करताना चहा थोडा सांडला.

नदाफनं कप घेतला. एक घोट घेऊन खाली ठेवला आणि परत कागद पुढं ओढला.

"नाव काय लिहू, सर? मगदूम का शेटे?"

"मगदूम," मी म्हणालो. "शेटे म्हणून तिला मी शिकवू दिलं नाही."

त्यानं लिहिलं. सावकाश, नीट अक्षरात.

"कधीपासून कधीपर्यंत?"

"एक तास."

त्यानं वर बघितलं. "बाकीच्यांची वर्षं लिहिलीत, सर."

"तिचा तास लिही," मी म्हणालो. "तेवढाच झाला."